मदत हवी आहे: शिबिरं झाली, कोर्स झाले, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. खरा फरक कुणाला पडलाय का, आणि कसा?

शेवंती

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. काम चोख येतं, लाइनवरच्या पोरांशी दिवसभर बोलत असते. पण कस्टमर ऑडिट किंवा महिन्याचा रिव्ह्यू असला की घसा कोरडा पडतो, कानशिलं तापतात. मागच्या रिव्ह्यूत एका पार्टवरच्या बरबद्दल, म्हणजे कडेला राहिलेल्या धातूच्या कुसाबद्दल, विचारणा झाली. कारण मीच शोधून काढलं होतं: रात्रपाळीत स्टोअरमध्ये इन्सर्टच (टूलला लावायची बदलती पाती) शिल्लक नव्हते, म्हणून टूल वेळेवर बदललं गेलं नाही. कागद माझ्या पुढ्यात होता. मी शब्द जुळवेपर्यंत शेजारून कुणीतरी "ऑपरेटरचं दुर्लक्ष" म्हणून विषय मिटवला आणि त्या पोराला मेमो मिळाला. दुसऱ्या दिवशी मी मेल करून तो मागे घ्यायला लावला, पण दोन ओळी तिथल्या तिथे बोलता आल्या असत्या तर त्याची रात्र वाईट गेली नसती. हे मला फार लागलंय.

यासाठी मी बरंच काही केलंय. हॉटेलातलं शनिवार-रविवारचं शिबिर केलं. मोठ्या आवाजात गाणी, सगळ्यांनी उभं राहून घोषणा, शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. सोमवारी उत्साह होता, गुरुवारपर्यंत ओसरला, आणि पुढच्या लेव्हलच्या फीसाठी फोन सुरू झाले. मोबाइलवरचा रेकॉर्डेड कोर्स पूर्ण केला. सकाळी सकारात्मक वाक्यं म्हणते, श्वासाचे व्यायामही येतात. माहिती भरपूर साठली आहे, कॉन्फरन्स रूममध्ये ती कामी येत नाही.

कृपया पुस्तकांची किंवा कोर्सची यादी देऊ नका. ज्यांना खरोखर फरक पडला त्यांनी रोज नेमकं काय केलं आणि फरक पडतोय हे त्यांना कशावरून कळलं, एवढंच हवंय. घर, मुलगी आणि कंपनीची बस सांभाळून दिवसाला अर्धा तास काढू शकते. मोठी फी पुन्हा भरणार नाही.

अण्णा_कराड

शेवंतीताई, तुम्ही फार नेमकं लिहिलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

अल्बर्ट एलिस हे नाव ऐकलं असेल. १९५५ च्या सुमारास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आरईबीटी, मांडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या संस्थांतून मराठीत शिकवली जाते. पण मला तुम्हाला एलिसची तरुणपणची गोष्ट सांगायची आहे. १९ वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची प्रचंड भीती वाटायची. त्याने न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं ठरवलं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असा नियम घातला. महिन्याभरात १३० जणींजवळ तो बसला. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भेटीच्या हिशेबात पदरात काही पडलं नाही, पण भीती गेली. कुणी चप्पल काढली नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, हे त्याने स्वतः अनुभवलं.

तुमच्या शिबिरात हा भाग नव्हता. तिथे तुम्ही टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर बोललात. भीती ज्या खोलीत वाटते त्याच खोलीत, पण छोट्या मात्रेत, सराव व्हायला हवा.

त्याआधी कागद-पेन घ्या. रिव्ह्यूत काय घडलं ते एका ओळीत लिहा. तुम्हाला काय झालं ते लिहा. आणि या दोहोंच्या मध्ये मनात कोणतं वाक्य आलं ते शोधा. हे मधलं वाक्य शोधायलाच वेळ लागतो. बहुतेक वेळा ते "मी अडखळता कामा नये, अडखळले तर ते भयंकर आहे" अशा थाटाचं असतं. सापडलं की त्याच्याशी लेखी भांडायचं: हे कुठे लिहिलंय? साहेब अडखळले तेव्हा मी त्यांना नालायक ठरवलं का? मनातल्या मनात केलेलं भांडण पाण्यावरच्या रेघेसारखं असतं, म्हणून लिहाच.

गेज_पाटील

मीपण क्वालिटीवालाच, भोसरीत. ताई, ८डी, म्हणजे कस्टमरच्या तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा फॉर्म, भरताना मूळ कारणाच्या रकान्यात "ऑपरेटर निष्काळजी" लिहिलं तर कस्टमर फॉर्म परत पाठवतो की नाही? मग स्वतःच्या बाबतीत "आत्मविश्वास कमी" हे कारण का चालवून घेताय? का-का करत खाली जा. माझ्या बाबतीत शेवटी निघालं की मला इंग्रजीत पहिलं वाक्य सुचत नाही. पहिलं वाक्य निघालं की पुढचं येतं. मग मी प्रत्येक मुद्द्याचं फक्त पहिलं वाक्य वहीत लिहून न्यायला लागलो. "सर, आय हॅव द डेटा फॉर धिस." एवढंच. तेवढ्याने सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतात आणि मधे कुणी बोलत नाही. उरलेलं मी अर्धं हिंदीत सांगतो, आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

आणि परिणामाची पडताळणी जशी पुढच्या लॉटवर करतो तशीच करा. "बरं वाटलं का" असं विचारू नका. तोंडातून वाक्य निघालं का, हो की नाही, एवढंच लिहा.

विदुला

टोस्टमास्टर्सचा, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करायचा, क्लब बघितलास का, शेवंती? जाहिरात करत नाहीये, माझा काही संबंध नाही, फक्त सभासद आहे. १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली ही चळवळ आहे. आवडायचं कारण असं की तिथे भाषणं ऐकवायला कुणी गुरू नसतो, सभासदच आळीपाळीने सगळं करतात. ठरवून केलेलं भाषण साधारण ५ ते ७ मिनिटांचं. समोर टायमर बसतो आणि हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. एक जण तुझे "अं...", "म्हणजे..." मोजतो. आणि एक जण उठून काय जमलं, काय सुधारायचं ते सगळ्यांसमोर सांगतो.

तुझ्या कामाचा भाग आहे टेबल टॉपिक्स. विषय ऐनवेळी मिळतो आणि १ ते २ मिनिटं बोलायचं. रिव्ह्यूतला अचानक आलेला प्रश्न म्हणजे हेच की. पहिल्यांदा माझा आवाज इतका कापत होता की मलाच ऐकू येत होता. मूल्यमापन करणाऱ्या काकांनी त्याचा उल्लेखही केला नाही, "शेवटचं वाक्य प्रेक्षकांकडे बघून बोला" एवढंच म्हणाले. तेवढी एकच गोष्ट घेऊन मी घरी आले आणि पुढच्या वेळी तीच केली. पाहुणी म्हणून जाऊन नुसती बसून बघ, बोलायची सक्ती नसते.

एक_दिवस

मी वेगळ्या वाटेवरून आले आहे, पण सांगावंसं वाटतं. माझे यजमान अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमुळे दारूतून बाहेर आले. ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झाली. फी नाही, ज्याला जमेल त्याने स्वेच्छेने काही टाकायचं. त्याआधी आम्ही देवदेव, शपथा, गंडेदोरे सगळं केलं होतं, आणि शपथ घेतानाचे त्यांचे अश्रू खरेच असायचे. टिकलं मात्र मीटिंगमुळे, कारण ती दर आठवड्याला असते आणि एक अनुभवी सभासद स्पॉन्सर म्हणून मिळतो, ज्याला केव्हाही फोन करता येतो. प्यावंसं वाटलं तर आधी फोन, हा नियम. वर्षानुवर्षं न प्यालेली माणसंही मीटिंगला येतात, हे बघून मला आधी नवल वाटायचं.

बाळ, तूही असं एक माणूस शोध. रिव्ह्यूला जायच्या आधी त्याला फोन करून "आज मी अमुक वाक्य बोलणार आहे" असं सांग, आणि बाहेर पडल्यावर बोललीस की नाही ते कळव. घरचं नको, घरचे लगेच समजूत घालतात.

नोंदवही

२१ दिवसांत सवय लागते असं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे गुरुवारी उत्साह ओसरला यात तुमचा दोष नाही.

डॉ_समुपदेशन

एक गोष्ट तपासा. रिव्ह्यूच्या आधी झोप उडते का, त्या दिवशी रजा टाकावीशी वाटते का, छाती धडधडून जीव घाबरा होतो का? असेल तर स्वतःचं स्वतः करण्यात वेळ घालवू नका, समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सामाजिक भीतीवर चांगले उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. झोप लागते, रजा टाकत नाही, पण डॉक्टरांनी दिलेला नंबर जपून ठेवला आहे.

अण्णा, तुम्ही म्हणालात तसं लिहायला बसले. मधलं वाक्य निघायला तीन-चार रात्री गेल्या. मला वाटत होतं मी चुकायला घाबरते. निघालं असं: "मी बोलले तर प्रॉडक्शनवाले नाराज होतील, आणि ते नाराज असले तर मला इथे काम करता येणार नाही." हे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. सकाळची सकारात्मक वाक्यं या भीतीला लागूच पडत नव्हती. नाराज होतील हे खरंच आहे. काम करता येणार नाही, हे मात्र लिहून बघितल्यावर टिकलं नाही, कारण मेमो मागे घ्यायला लावल्यावरही ते माझ्याशी चहाला येतात.

सध्या एवढं सुरू केलंय: सकाळी रिजेक्शन बोर्डापाशी (नाकारलेल्या पार्टचे आकडे लिहितात तिथे) जी उभ्या-उभ्या मीटिंग होते, तिथे प्रॉडक्शनवाल्यांना आवडणार नाही असं एक वाक्य आकड्यासह बोलायचं. पाटील, पहिलं वाक्य लिहून नेते. वहीत फक्त हो किंवा नाही. सध्या दोन्ही दिसतात. काल "हे ऑपरेटरचं नाही, स्टोअरचं आहे" म्हणाले तेव्हा प्रॉडक्शनच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग इन्सर्टची मिनिमम स्टॉक लेव्हल ठरवायला सांगितली.

काकू, तुम्ही सांगितलंत तसा माणूस मिळाला आहे. जुन्या कंपनीतली मैत्रीण, तिलाही अशीच गरज होती. विदुला, चाकण किंवा भोसरीच्या बाजूला शनिवारी संध्याकाळी भरणारा क्लब माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. मुलीला सोबत आणलं तर चालतं का, तेही विचारून सांग.