मदत हवी आहे: पुण्याची नोकरी की रावेरला केळी वेफर्स?

नमस्कार मंडळी, मी रावेर तालुक्यातला, यंदा बीएस्सी झालो. पुण्यात १८ हजारांची नोकरी लागलीय, सोमवारपर्यंत कळवायचंय. पण मन वेफर्समध्ये अडकलंय, व्यापारी केळी कापून नेतो तेव्हा डाग पडलेले घड बांधावरच राहतात, बघून जीव तुटतो. आई त्याचेच वेफर्स तळते, पिवळेधमक, गावातली दुकानं लगेच उचलतात. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख सबसिडी आहे, पण १० टक्के आपले घालायचे आणि बाकी कर्जच. अण्णा म्हणतात आधी दोन वर्षं पगार घे. पण मग परत येणं होतं का हो? कोणी असं युनिट टाकलंय का, पहिल्या वर्षी हप्ते कसे फेडले, पावसाळ्यात माल मऊ पडतो त्याचं काय करता? प्लीज सांगा.