तिफेन: सहा जानेवारीचं फ्रेंच नाव

प्रश्न: एका फ्रेंच बाईंचं नाव 'तिफेन' असल्याचं वाचलं. अर्थ काय? इंग्रजी 'टिफनी'शी काही नातं आहे का? आणि आपल्या तिफणीशी?

उत्तर: टिफनीशी आहे, तिफणीशी नाही. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. उच्चार जुळतो एवढंच.

तिफेन हे ग्रीक 'थेओफानिया'चं बोलून बोलून झिजलेलं रूप. थेओस म्हणजे देव, आणि पुढचा भाग 'प्रकट होणे' या अर्थाच्या क्रियापदातला. जुन्या फ्रेंचमध्ये तिफेन हे सणाचंही नाव होतं. तो सण म्हणजे ६ जानेवारीची एपिफनी, पूर्वेकडचे ज्ञानी, ज्यांना तीन राजे म्हणतात, बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याचा. त्या सुमारास जन्मलेल्या मुलीला सणाचंच नाव ठेवायची पद्धत होती. गोव्यात हीच तीन राजांची फेस्त. कांसावलीजवळ कुएलीच्या टेकडीवरच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) त्या दिवशी तीन मुलगे राजांच्या पोशाखात, डोक्यावर मुकुट घालून घोड्यावरून येतात. इटलीत एपिफनीच्या आदल्या रात्री मुलांना खाऊ देणारी म्हातारी 'बेफाना' असते, तिचंही नाव या सणावरूनच आलं आहे.

प्रश्न: म्हणजे थेओस आणि देव हे एकाच मुळाचे शब्द?

उत्तर: नाहीत, आणि इथे भले भले फसतात. आपल्या 'देव'चे सख्खे म्हणजे लॅटिन 'देउस' आणि ग्रीक 'झेउस'. थेओसचं मूळ वेगळं. नात्याचा धागा नावाच्या उत्तरार्धात आहे: ग्रीक 'फाइनो' आणि संस्कृत 'भा' (भाति) ही एकाच मुळाची मुलं. प्रभा, आभा, विभा याच 'भा'च्या. म्हणून प्रभा नावाची बाई तिफेनची दूरची का होईना, पण खरी नातलग ठरते. मला या नावातलं हेच सगळ्यात आवडतं.

प्रश्न: इतिहासात कुणी तिफेन?

उत्तर: चौदाव्या शतकातली, फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रेतान्य प्रांतातली तिफेन रागनेल. फ्रान्सचा गाजलेला सेनापती बेर्त्रां द्यु गेक्लँ हा तिचा नवरा. ती ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायची, नवऱ्याला शुभ-अशुभ दिवस सांगायची, अशी तिची ख्याती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मों-सें-मिशेल या बेटावरच्या गावात, चढत्या गल्लीत तिचं घर म्हणून एक जुनं घर आजही दाखवतात. नवरा स्पेनच्या स्वारीवर जाताना, १३६५ साली, त्याने ते तिच्यासाठी बांधलं असं सांगतात.

टिफनी म्हणजे याच नावाचं इंग्लंडमधलं रूप. तिथे त्याचं आडनाव झालं, आणि १८३७ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान काढणाऱ्या चार्ल्स लुईस टिफनीमुळे ते दागिन्यांना चिकटलं. त्यामुळे 'टिफनी' अगदी आधुनिक वाटतं, पण नाव मध्ययुगीन आहे.

प्रश्न: सणावरून नाव ठेवणं फ्रेंचांत सर्रास आहे का?

उत्तर: बरंच. नाताळचा नोएल, ईस्टरचा पास्काल, १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाचा तूसँ. हैतीच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर आठवा. पालघरकडच्या आदिवासी पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी वारांवरून ठेवलेली नावं भेटतात, ती याच जातकुळीची.

लिहिताना 'तिफेन'च लिहा, 'टिफेन' नको. फ्रेंच 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य आहे. ब्रेतान्यमध्ये याच नावाचं स्पेलिंग वेगळं करतात, उच्चारात मात्र फारसा फरक पडत नाही.