शहाबादी फरशीवर रबर: चिकटवायचं की नुसतं अंथरायचं?

वाशिष्ठीकाठची
नमस्कार मंडळी. चिपळूणला आमच्या घराच्या तळमजल्यावर सासऱ्यांचं खतांचं गोदाम होतं. ते रिकामं झालंय आणि तिथे मी बायकांसाठी व्यायामशाळा काढतेय. झुंबा वगैरे नाही हं. डंबेल, एक बार, स्क्वॉटचा रॅक, दोरीच्या उड्या. खोली 24 बाय 18 फूट. खाली जुनी शहाबादी, मधूनमधून वरखाली झालेली. दिवाळीआधी सुरू करायचंय.

दुकानदार म्हणतो, 8 मिलिमीटरचा रबर रोल घ्या, गमने चिकटवून देतो, मग हलायचं नाव नको. नणंद म्हणते, ऑनलाइन त्या रंगीत, एकात एक अडकवायच्या फोमच्या चटया मिळतात, निम्म्यात काम होईल. मला दोन्ही पटत नाहीये. कारण 22 जुलै 2021 ला याच खोलीत पाणी शिरलं होतं, आणि 2005 लाही. पुन्हा येणार नाही असं चिपळुणात कुणी छातीठोक सांगत नाही. तेव्हा जे टाकू ते उचलता यायला हवं, असं माझं आपलं मत. पण न चिकटवता रबर सरकणार नाही का?

ठाण्याचा_दोरीवाला
आमच्या सोसायटीच्या जिममध्ये 8 मिमीचा रोल चिकटवलेलाच आहे. एकदम झकास, सांधासुद्धा दिसत नाही. सुट्या टाइल्सच्या फटींत केस आणि धूळ अडकते, झाडताना वैताग येतो. दुकानदाराचं ऐका.

फरशीमास्तर
दोरीवाले, तुमची जिम कितव्या मजल्यावर आहे ते सांगितलं नाहीत. वरचा मजला असेल तर खाली कोरडा स्लॅब, आणि मग तुमचं बरोबर. ताईंच्या खोलीखाली जमीन आहे.

ताई, चिकटवू नका. पूर नसता तरी मी हेच म्हटलं असतं. जुन्या घरांतली शहाबादी बहुतेक वेळा माती-मुरुमावर बसवलेली असते, खाली ओल अडवणारं काही नसतं. ती ओल फरशीतून आणि सांध्यांतून वर येऊन उडून जाते, म्हणून एरवी कळत नाही. वर रबर आलं की तिची वाट बंद. रबर चिकटवायच्या पीयू (पॉलियुरेथेन) गमाला ओल जास्त मिळाली की तो फसफसतो, जागोजागी फुगे येतात आणि कडा सुटतात. त्यात तुमचं खताचं गोदाम! फरशीत खार मुरलेला असणार, आणि खार हवेतला दमटपणाही ओढतो. आधी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने खसखसून धुवून घ्या.

मग एक करा. दीड फुटी चौकोनी प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरून चारी कडा टेपने घट्ट बंद करा, दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खाली थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडली तर ओल आहे. ही परीक्षा आत्ताच करा, पाऊस अजून आहे तोवर. मे महिन्यात केली तर कोकणातली कुठलीही फरशी पास होते.

नणंदबाईंच्या चटया लहान मुलांच्या खोलीत छान. रॅकचे पाय त्यात रुततात आणि बार खांद्यावर असताना घोटा डुगडुगतो. तिथे बचत नको.

वाशिष्ठीकाठची
केलं. सकाळी कागद उचलला तर खाली थेंबच थेंब, आणि फरशीचा तेवढा चौकोन काळा. दुकानदाराला फोटो दाखवला तर म्हणाला, "गम डबल मारू." आता सुटं काय टाकू ते सांगा. रोल की टाइल?

फरशीमास्तर
डबल गम म्हणजे डबल फुगे.

तुमच्या खोलीला हिशेबाने रोल फार छान बसतो. रोल 4 फूट रुंद येतो, 18 फुटी सहा पट्टे आडवे टाकले की 24 फूट भरले, तुकडा वाया नाही. पण तसा एक पट्टा पन्नास किलोच्या पुढे जातो. वशिष्ठीचं पाणी वाढतंय म्हटल्यावर रात्री जिन्यावरून तो कोण नेणार? शिवाय 8 मिमी सुटं टाकलं तर खालच्या फरशीचा प्रत्येक उंचवटा वर उमटतो.

म्हणून 15 मिमीच्या टाइल घ्या, अर्धा मीटर चौरस, तळाला खाचा असलेल्या. खाचांतून हवा खेळते. एक टाइल साडेतीन-पावणेचार किलोची, कुणीही उचलेल. साधारण 160 लागतील, कापाकापीसाठी आठ-दहा जास्त. घेताना टाइलची कड नखाने खरवडून बघा. रबराचे दाणे हातात आले तर माल कच्चा, दुकान बदला.

सरकण्याचं म्हणाल तर चारी भिंतींमध्ये भरलेल्या टाइल वजनानेच बसून राहतात. फक्त भिंतीलगत पाच-सहा मिमी फट सोडा. उन्हाळ्यात रबर वाढतं, जागा नसली तर मधे उचलतं. उंबऱ्याशी मात्र अॅल्युमिनियमची उतरती पट्टी हवी, नाहीतर तिथली टाइल रोज लाथेने हलेल. फार वर आलेली फरशी काढून पुन्हा बसवा, बारीक फरक टाइल सांभाळून घेते. कापायला साधा कटर आणि पत्र्याची पट्टी पुरते, पण एका दमात कापायला जाऊ नका. चार-पाच हलके हात फिरवा.

माल आला की आठवडाभर पडवीत मोकळा ठेवा, टायरचा वास तिथेच कमी होऊ दे. आणि फिनेल अजिबात नको, रबर खराब होतं. सौम्य साबणाचं पाणी पुरे. सुरुवातीला पोछा काळा निघेल, घाबरू नका.

ठाण्याचा_दोरीवाला
आमची जिम तिसऱ्या मजल्यावर आहे. मान्य. पण केसांचं मी म्हटलं ते खरंच आहे, ताई. व्हॅक्यूम घेऊन ठेवा.

वाशिष्ठीकाठची
व्हॅक्यूम यादीत टाकला. टाइलच घेतेय. सासरे फरशी धुवायला लागलेसुद्धा, पाण्याला अजून युरियाचा वास येतोय म्हणतात. एकच अडलंय. दार आत उघडतं आणि फरशीला जेमतेम लागत नाही. 15 मिमी वाढलं की अडकणार. खालून तासून घेऊ की दाराच्या फेऱ्यापुरतं रबरच नको?

फरशीमास्तर
तासू नका, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. चौकटीची खाच सुताराला बघू दे. जमत नसेल तरच तासा, आणि तासलेल्या कडेला लगेच रंग मारा.