आधी अडकित्ता, मग व्याख्या

तरफेचे (टेकूभोवती फिरणाऱ्या दांड्याचे) तीन प्रकार मुलं घडाघडा म्हणतात, पण समोरची वस्तू कोणत्या प्रकारातली ते त्यांना सांगता येत नाही, ही तक्रार मला अगदी पटते. माझ्या मते आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. वस्तू आधी हातात द्यावी, नाव नंतर.

माझ्या पुतणीला (इयत्ता पाचवी) मी आजीचा अडकित्ता दिला. सुपारी आधी पात्याच्या पार टोकाशी धरायला लावली. दोन्ही हातांनी दाबूनही फुटेना. मग तीच सुपारी खिळीजवळ (अडकित्त्याचे दोन्ही दांडे जिथे जोडलेले असतात तिथे) सरकवली आणि कट्‌कन दोन तुकडे! "काका, जोर तर तेवढाच लावला!" हे तिचं तिनेच म्हटलं. तेव्हा पट्टी घेऊन मोजलं: खिळीपासून सुपारी २ सेंमी, हात १२ सेंमी. म्हणजे सुपारीवर साधारण सहापट बल. पण हातालाही सहापट अंतर जावं लागतं, हे सांगायला विसरू नका. फुकट काहीच मिळत नाही, हे मुलांना इथेच कळतं. (लहानांच्या बोटांजवळ मोठ्यांचा हात हवाच.)

अडकित्ता नसेल तर दार आहेच. बिजागरीजवळ एका बोटाने ढकलून बघायला सांगा, मग कडीजवळ.

आणि रहाटामुळे घागर हलकी होते असं म्हणतात, त्याबद्दल एक दुरुस्ती. विहिरीवरच्या एका स्थिर कप्पीने (जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाने) घागर हलकी होत नाही. फक्त जोराची दिशा बदलते, वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतं आणि अंगाचं वजन कामी येतं. पुष्कळ पालक इथे चुकीचं सांगतात.