कथेच्या निवेदनात ‘केले’ लिहावे की ‘केलं’?

प्रश्न (ओसरी): माझी पहिलीच कथा लिहून होत आली आहे. ती एक आजी स्वतःच्या तोंडाने सांगते. तरीही निवेदनात मी कुठे ‘घर बांधले’ तर कुठे ‘घर बांधलं’ असे लिहून बसले आहे. सर्वत्र एकच रूप ठेवावे काय?

दवात: मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित (उच्चारात न येणारे) अनुस्वार वगळले, पण बोलण्यातील उच्चार जसाच्या तसा दाखवायचा असेल तेव्हा ‘केलं’, ‘असं’ ही रूपे शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन लिहिण्याची मुभा ठेवली. आजी बोलते आहे, म्हणजे तिचे संपूर्ण निवेदन हे बोलणेच आहे. तेथे ‘बांधलं’ मला निःसंशय योग्य वाटते.

पागोळी: सहमत आहे, मात्र सरसकट शोधून बदल करू नका. ‘घर बांधलं’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. ‘वाडे बांधले’ हे पुल्लिंगी अनेकवचन असल्यामुळे बोलतानाही ‘बांधले’च राहते. मी घाईने असा बदल केला आणि ‘चार लाडू खाल्लं’ असे वाक्य छापून आले, याचे मला आजही वाईट वाटते. ‘त्याने’चे ‘त्यानं’ करायलाही विसरू नका, कारण ‘त्याने सांगितलं’ हे मिश्रण कानाला खटकते.

ओसरी: मनःपूर्वक आभार. आज रात्री कथा मोठ्याने वाचत, एकेक क्रियापद तपासून पाहते.