कंपनीचं नाव मोकळं आहे की नाही, नक्की कसं बघायचं? (कोकम-काजूचा धंदा, वेंगुर्ला)

वेंगुर्ल्याची सून

नमस्कार मंडळी. सासरी आमचा कोकम आगळ, आमसुलं आणि भाजलेले काजूगर असा धंदा आहे. आजवर सगळं सासऱ्यांच्या नावाने प्रोप्रायटरशिपमध्ये चाललं. आता धाकटे दीर पुण्याची नोकरी सोडून घरी आलेत, तर ते आणि मी मिळून प्रायव्हेट लिमिटेड करायचं ठरलंय. नावावरून मात्र घरात रोज बैठक. सासऱ्यांना देवाचं नाव हवं. दीर म्हणतात 'कोकण' पाहिजेच, त्याशिवाय मुंबईचं गिऱ्हाईक हात लावत नाही. शेवटी 'कोकण आगोट फूड्स' या नावावर एकमत झालं. दुसरा पर्याय 'वेंगुर्ला हापूस अँड काजू'.

एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर पहिलं नाव टाकून बघितलं, तशी कंपनी दिसली नाही. म्हणजे नाव मोकळं धरायचं का? पाउचवाला रोज फोन करतोय, पाउचवर नाव छापायची सिलिंडरं बनवायला टाकू का म्हणून. चार रंगांची सिलिंडरं, म्हणजे खर्च थोडका नाही. सीए म्हणतात, "टाकू, बघू काय होतं." हे 'बघू काय होतं' माझ्या पचनी पडत नाहीय.

गुहागरचा पक्या

एवढा काय विचार करताय? फॉर्ममध्ये दोन नावं टाकता येतात. एक उडालं तर दुसरं. आमचं पहिल्या झटक्यात आलं.

कुडाळची सीएस

पक्याभाऊ, तुमचं आलं, आनंद आहे. ताई, मी कंपनी सेक्रेटरी आहे, हेच काम करते. तुम्ही मात्र आधी सिलिंडर थांबवा, मग पुढचं वाचा.

साइटवर नाव 'दिसलं नाही' याचा अर्थ एवढाच की तुम्ही टाइप केलेल्या स्पेलिंगची कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) तिथे नाही. तुमचा अर्ज जातो हरियाणात मानेसरला, केंद्रीय नोंदणी केंद्रात. तिथला अधिकारी कंपनी इन्कॉर्पोरेशन नियमांतला ८ वा नियम लावून नाव वाचतो. २०१९ मध्ये तो नियम बराच स्पष्ट झालाय. एकवचनाचं अनेकवचन केलं, मध्ये जागा सोडली, टिंब दिलं, शब्द मागेपुढे केले, शेवटी डॉट कॉम लावलं, आकडा जोडला, तरी नाव वेगळं धरत नाहीत. असलेल्या नावाला नुसतं गावाचं नाव चिकटवलं तरी नाही. अख्ख्या नावाचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर केलं तरी नाही. आणि उच्चार सारखा असेल तर स्पेलिंग वेगळं असून फायदा शून्य.

आता तुमच्या नावाला हे लावा. 'कोकण' हे प्रदेशाचं नाव, 'फूड्स' हा धंदा. राहिलं काय, 'आगोट'. तेव्हा पूर्ण नाव टाकून शोधू नका, नुसतं आगोट शोधा. आपल्या शब्दांची इंग्रजी स्पेलिंगं म्हणजे ज्याची त्याची मर्जी. सुरुवातीला एक ए, दोन ए, मध्ये एक ओ, दोन ओ, शेवटी टी, टीएच, आणि 'आगोटी' म्हणून आय लावलेलं, सगळं टाकून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे. सारख्या नावाची कंपनी निघालीच आणि तिच्या संचालक मंडळाने ठराव करून ना-हरकत दिली तर नाव मिळू शकतं. पण ओळखीपाळखीशिवाय असा ठराव कोण कशाला देईल.

खरा खड्डा पुढे आहे, ट्रेडमार्क. नोंदलेलाच नव्हे, नुसता अर्ज केलेला ट्रेडमार्कसुद्धा तुमच्या नावात आला तर मालकाच्या संमतीशिवाय नाव नाकारता येतं. आणि चुकून मंजूर झालं तरी सुटका नाही. ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून ३ वर्षांत कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली अर्ज करू शकतो. आदेश झाला तर ३ महिन्यांत नाव बदला. तोवर तुमचे पाउच, खोके, बिलबुकं, गाडीवरची अक्षरं सगळं झालेलं असतं.

म्हणून मी माझ्या अशिलांना एमसीएच्या आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर बसवते. तिथे सार्वजनिक शोध फुकट आहे. वर्ग, म्हणजे मालाचा गट, निवडावा लागतो आणि इथेच लोक चुकतात. आमसुलं आणि भाजलेले काजूगर वर्ग २९ मध्ये. कोकम सरबत वर्ग ३२ मध्ये. आगळ सरबतासाठी म्हणून विकत असाल तर तोही तिथेच बघायचा. उद्या मालवणी मसाला काढलात तर वर्ग ३०, आणि ताज्या आंब्याच्या पेट्या वर्ग ३१. तुमच्यापुरते २९ आणि ३२ दोन्ही बघा. आधी 'वर्डमार्क' (शब्दाने शोध), त्यात 'कंटेन्स' (तो शब्द कुठेही असलेली नावं). मग 'फोनेटिक', तो उच्चाराने शोधतो. त्यात असंबद्ध नावंही भरपूर येतात, घाबरू नका. प्रत्येक नावापुढची स्थिती वाचा. 'रजिस्टर्ड' असेल तर विषय संपला. 'ऑब्जेक्टेड' किंवा 'ऑपोज्ड' म्हणजे भांडण चालू आहे, त्यात आपण पाय घालायचा नाही. 'अबॅन्डन्ड' असेल तर अर्ज सोडून दिलाय, पण तो माणूस त्या नावाने अजून माल विकतोय का ते बाजारात बघा. नोंदणी नसली तरी आधीपासूनच्या वापराला कोर्टात वजन असतं.

दुसरं नाव माझं ऐकाल तर आजच कागदावरून खोडा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे. ती नावं तिथल्या सगळ्या बागायतदारांची, एकट्याच्या कंपनीचा ट्रेडमार्क ती होत नाहीत. शिवाय तुम्ही आंबा विकतच नाही, मग नावात हापूस कशाला? पक्याभाऊंच्या भाषेत पहिलं उडालं, तर हे दुसरं तुम्हाला गळ्यात बांधून घ्यावं लागेल.

वेंगुर्ल्याची सून

खूप धन्यवाद मॅडम. दिरांना वाचायला दिलं, ते आता लॅपटॉप घेऊन पडवीत बसलेत. दोन शंका आहेत. फी किती, आणि नाव मिळालं की ते आमच्यासाठी किती दिवस राखून ठेवतात? आणि देवाचं नाव चालतं का? सासरे विचारतायत.

बंदरावरचो बाबल्या

माझ्या भाच्यान तारकर्लेक होमस्टे काढल्यान. कंपनी नाय, साधो धंदो. नाव बरा व्हता, पर्यटकांका आवडला, बुकिंग पण बऱ्यापैकी येय. मगे एक दिवस मुंबयच्या वकिलाची नोटीस इली, ह्या नाव आमचा रजिस्टर आसा म्हणान. तेंचा हॉटेल, ह्येच्या चार खोल्ये. बोर्ड काढलो, पावतीपुस्तका बदलली, आणि ऑनलाइनचे सगळे चांगले अभिप्राय जुन्या नावावर रवले. तेव्हा बाय, ही मॅडम सांगता तसा कर.

कुडाळची सीएस

बाबलकाका, होमस्टेचा वर्ग ४३. भाच्याला सांगा, नव्या नावाचा तिथे अर्ज टाकून ठेव. एकटा माणूस किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन एका वर्गाला ४,५०० रुपये. बोर्ड रंगवायला त्याहून जास्त गेले असतील.

ताई, नावाचा अर्ज म्हणजे स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा भाग अ. फी १,००० रुपये, दोन नावं देता येतात. हरकत आली तर एकदा दुरुस्ती करून परत पाठवता येतं, तरीही नाकारलं तर ते हजार गेले. मंजूर झालं की नाव २० दिवस तुमच्यासाठी राखीव. जास्तीची फी भरून ६० दिवसांपर्यंत ताणता येतं, पण त्याची वेळ येऊ देऊ नका. आपल्याकडे ही मुदत कशात जाते ते सांगते, नोंदणीकृत कार्यालयाच्या कागदात. वीजबिल आजेसासऱ्यांच्या नावावर, घर सामाईक, आणि ना-हरकतीवर सही करणारा एक चुलता विरारला. बिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं. चुलते गणपतीलाच येणार असतील तर सध्या पत्रव्यवहाराचा पत्ता देऊन कंपनी करून घ्या, कार्यालयाचा पत्ता स्थापनेनंतर ३० दिवसांत कळवता येतो.

देवाच्या नावाला बंदी नाही. पण रवळनाथ, रामेश्वर, सातेरी ही नावं घेऊन किती धंदे चाललेत ते सावंतवाडी ते मालवण एसटीच्या खिडकीतून मोजा. ट्रेडमार्क म्हणून अशा नावाला जोर कमी. सासऱ्यांना सांगा, देवाची तसबीर कार्यालयात लावू.

वेंगुर्ल्याची सून

दिरांना 'आगोट'शी मिळतं नाव सापडलं, वर्ग ३२ मध्ये, स्थिती 'ऑपोज्ड'. तोंड पाडून बसलेत. कंपनी त्या नावाने नको, पण ब्रँड म्हणून पाउचवर टाकलं तर?

कुडाळची सीएस

उलट आहे ताई. ट्रेडमार्कचं भांडण मुख्यतः पाउचवरच्या नावाचंच असतं. कंपनीचं नाव मागे बारीक अक्षरात येतं, पुढे मोठं दिसतो तो ब्रँड. तो आधी साफ हवा. कंपनीचं नाव आणि ब्रँड एकच असायला हवं असं काही नाही. सासऱ्यांना देव हवाच असेल तर त्याला कंपनीच्या नावात बसवा, समोरच्या बाजूला नवा शब्द शोधा. घरात जे नाव ऐकून दुसऱ्या कुणाचा माल आठवत नाही, ते घ्या.

आणि पाउचवाल्याला एक सांगा. सासऱ्यांचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना कंपनीला चालणार नाही, कंपनीच्या नावाने नवा काढावा लागेल. पॅन बदलला की जीएसटी नंबरही नवा. परवान्याचा नंबर पाउचवर छापावाच लागतो. म्हणजे नाव आज मोकळं निघालं असतं तरी मागच्या बाजूचं सिलिंडर तो नंबर हातात येईपर्यंत बनवता आलंच नसतं. तोवर साधे पारदर्शक पाउच घ्या आणि लेबल चिकटवा.