नवी गाडी की पन्नाशीत सुट्टी? अनुभव सांगा

वय 41. जळगाव एमआयडीसीत एका दालमिलचे हिशेब बघतो. पन्नाशीला काम सोडून पारोळ्याकडे गावी जायचा बेत आहे. गाडी 11 वर्षांची, एसी गेलेला. मे महिन्यात पारा 45 वर असताना धुळ्याला जाऊन या, म्हणजे बायको का चिडते ते कळेल. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि विषय पेटला. 8 लाख कर्ज, 9 टक्के, 7 वर्षं धरली तर हप्ता 12,871. नुसतं व्याजच 2 लाख 81 हजार. सध्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत दरमहा 15 हजार टाकतो. हप्ता लागला की तिथे दोन हजार उरतात. घेतली, नाही घेतली, घेऊन पस्तावलात, मोकळेपणी लिहा. ‘पैसा काय वर घेऊन जायचाय का’ हे सासरेबुवांनी सांगून झालंय.

केळीवाला, चोपडा
निवृत्तीचं आम्हाला विचारू नका, गाडीचं सांगतो. एका कटाईला भाव लागला आणि नवी गाडी दारात आणली. पुढच्या जूनमध्ये वादळानं बाग आडवी केली. हप्ता थोडाच थांबतो! डिझेलला पैसे नाहीत म्हणून गाडी आठ महिने ताडपत्रीखाली. एक दिवस बॉनेट उघडलं तर बॅटरीवर शेंगांची टरफलं आणि वायरी कुरतडलेल्या. आई बघत उभी. ‘कसाले लिधी व्हती रे?’ एवढंच बोलली. विकली तेव्हा कर्ज फेडायला वरून पैसे घालावे लागले.

नंदुरबारकर
शोरूमच्या आकड्यावर जाऊ नका. 8 लाखांच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर 11 टक्के, म्हणजे 88 हजार. विमा वेगळाच.

भुसावळ जंक्शन
रेल्वेत 2006 ला लागलो, म्हणजे जुनी पेन्शन नाही. लवकर सुटायचं असेल तर एनपीएसचा (जुनीच्या जागी आलेल्या पेन्शन योजनेचा) सगळा आकडा आपला धरू नका. आमच्या सरकारी नोकरीतून साठीआधी राजीनामा देऊन बाहेर पडलं आणि जमा मोठी असली, तर 80 टक्के रक्कम पेन्शन विकत घेण्यात जाते. हे मला चाळिशीत कळलं! तेव्हापासून वेगळं साठवतो. नवी गाडी रद्द करून चौथ्या वर्षातली जुनी घेतली. त्या वयाच्या गाडीची किंमत विमावालेही 40 टक्के कमी धरतात. ती घट पहिल्या मालकानं सोसली. मात्र क्लच, टायर, नाव बदलणं यात 38 हजार गेले, तेही लिहायला हवं.

अमळनेरच्या बाई
शाळेतून 53 व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गाडी कधी घेतलीच नाही. एसटी, नाहीतर भाड्याची. पैशाचं गणित बरोबर आलं. पण यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दर खेपेला ड्रायव्हरची मनधरणी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर विचारूच नका, सगळ्या लेकी त्याच दिवशी माहेरी निघालेल्या, गाडी मिळेल कुठून! आता 58 ची आहे. पैसे आहेत, लायसन्स नाही. क्लास लावलाय. काल भाजी मंडईसमोर तीनदा बंद पाडली, मागे केळ्यांचा ट्रक हॉर्न देत उभा.

धागाकर्ता
एसीचं काम 14 हजारांत होतंय म्हणे, शनिवारी दाखवतो. बायको विचारतेय, बाई, क्लासची फी किती?